बारशाच्या दुसऱ्या दिवशी घरीच केलेलं बाळाचं फोटोशूट, सांगली: अनुभव आणि तयारी

लिहायचं लिहायचं म्हणत दोन महिने गेले. लेक झोपली की मीपण झोपते आणि ती उठली की विषयच संपला, त्यामुळे राहूनच जात होतं. आज ती आजीच्या (माझ्या आजीच्या, म्हणजे तिच्या पणजीच्या) मांडीवर गाढ झोपलीय म्हणून बसले एकदाची. मिरजेहून घरी येऊन तान्ह्या बाळांचे फोटो काढणाऱ्या ज्या ताई आहेत त्यांच्या कामाबद्दल हे आहे, आणि सोबत आम्ही काय तयारी केली तेपण सगळं लिहिते, कारण मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी निम्मी धावपळ वाचली असती.

आधी हे सांगते की मला फोटो एवढे का हवे होते. माझं माहेर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट धरतात, म्हणजे काय झालं असेल बघा. आम्ही माणसं वेळेत बाहेर पडलो, पण सगळे अल्बम तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होते. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर फोटो एकमेकांना चिकटलेले, सोडवायला गेलं की रंगच निघून हाताला लागायचा. माझं लहानपण, आईपप्पांचं लग्न, आजोबा, सगळं त्यात. माझा तान्हेपणीचा एकच फोटो आता आहे, तोपण तासगावच्या मावशीकडे होता म्हणून राहिला. लाल कुंची घातलेली मी आणि मला मांडीवर घेऊन आजी. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं होतं की माझ्या बाळाचे फोटो नीट काढायचे, छापायचे, आणि एका घरात ठेवायचे नाहीत.

बुकिंग सातव्या महिन्यात केलं. तारीख पक्की नसतेच, ड्यू डेटच्या अंदाजाने ताई त्या दोन आठवड्यांत काही दिवस मोकळे ठेवतात आणि डिलिव्हरी झाली की आपण कळवायचं. त्याआधी मी अजून एका ठिकाणी विचारलेलं, नाव लिहीत नाही. त्यांच्या फोटोत एक बाळ स्वतःच्या दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून बसलेलं होतं, बेडूक बसतो तसं. मी विचारलं हे कसं करता, तर "होतं मॅडम, सवय असते आम्हाला, टेन्शन नका घेऊ" एवढंच उत्तर. परत विचारलं तर जरा चिडलेच. अडीच-तीन किलोचं लेकरू, मान धरत नाही, ते स्वतःच्या डोक्याचं वजन मनगटांवर कसं पेलणार? तिथंच नको म्हटलं.

हाच प्रश्न मी ताईंना विचारला आणि त्यांनी न कंटाळता सगळं समजावून सांगितलं. ते दोन फोटो असतात. एकात कुणीतरी वरून डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात खालून मनगटं धरलेली असतात, आणि नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून हात पुसून टाकायचे. बाळावरचा हात एक सेकंदही काढायचा नाही. आणि वर म्हणाल्या, "ती पोज मी प्रत्येक बाळाला करत नाही, बाळाने अंग आखडलं किंवा कुरकुर केली की आपण सोडून द्यायची, फोटो नाही झाला तरी चालतो." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी ॲडव्हान्स पाठवला. तुम्ही कुणालाही बोलवा, सांगलीत साताऱ्यात कुठंही, पण हा प्रश्न विचाराच, आणि उत्तर देणारा माणूस गडबडतो का ते बघा.

मग आला तारखेचा प्रश्न आणि घरात खरा गोंधळ इथं झाला. ताई म्हणाल्या ५ ते १४ दिवसांच्या आत केलेलं बरं, कारण तेव्हा बाळ पोटातल्यासारखं अंग दुमडून झोपतं आणि झोपपण गाढ असते. पुढे पुढे हातपाय ताणायला लागतात, जागी राहायला लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी बऱ्याच बाळांच्या चेहऱ्यावर बारीक पुळ्या येतात. आणि आजीचं म्हणणं, "बाराव्याच्या आत परक्याची नजर नगं लेकराला, पाचवी व्हायची हाय, बारसं व्हायचंय, मग काय ते करा." दोघींचंही म्हणणं माझ्यासाठी महत्त्वाचं. मी ताईंना घाबरत घाबरत फोन केला की आजी असं म्हणते, तर त्या म्हणाल्या अहो मग बारशाच्या दुसऱ्या दिवशी करू की, एवढं काय त्यात, बारशाला माणसं येऊन गेलेली असतात, तुमच्या आजींचंही मन राहील. सहाव्या दिवशीचं बाळ आणि बाराव्या-तेराव्या दिवसाचं बाळ यात फरक पडतो, कमी पोज मिळतील, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. पण खरं सांगू का, उशिरा केलं ते आमच्या पथ्यावरच पडलं. चौथ्या दिवशी लेक चांगलीच पिवळी दिसत होती, डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नवजात बाळांची कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त दिसते, नीट दूध पाजा, दोन दिवसांनी परत दाखवा, मग ती उतरली. नाळ नवव्या दिवशी पडली. सुरुवातीला वजन कमी झालेलं तेपण बारशापर्यंत भरून आलं. आणि माझे टाके, ते तर पाचव्या दिवशी मला धड बसूही देत नव्हते. ताईंनी आदल्या आठवड्यात दोनदा विचारलं, डॉक्टरांना विचारलं का, बाळ दूध नीट पितंय का, शी-शू व्यवस्थित आहे का. दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ असेल किंवा काचेत ठेवावं लागलं असेल तर दिवस मोजत बसायचं नाही, डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, असं त्यांचं पक्कं आहे.

आता खोलीचं. आमचं माहेरचं घर जुनं, समोरच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी. व्हिडिओ कॉलवर ताईंनी सगळ्या खोल्या बघितल्या आणि हीच निवडली, कारण उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, प्रकाश मऊ पडतो. पण भिंतींना हिरवा ऑइल पेंट! त्या म्हणाल्या भिंतीचा रंग बाळाच्या अंगावर उतरतो, कातडी इतकी पातळ असते की हिरवट झाक येते, मग नंतर दुरुस्त करायला जीव जातो. पप्पांनी सुतळी बांधून तिन्ही बाजूंनी पांढऱ्या चादरी टांगल्या. ट्यूब बंद, पिवळा बल्ब बंद, फक्त खिडकी. मला वाटलेलं जुलैतल्या ढगाळ हवेत फोटो काळपट येतील. उलट झालं, ढगांतून गाळून आलेला उजेड एवढा छान होता की गालावर कुठं चमक नाही की कुठं काळी सावली नाही. खिडकीजवळ साधारण सहा फूट बाय सहा फूट जागा मोकळी लागते, सोफा-टीपॉय आदल्या दिवशीच हलवून ठेवा, त्या दिवशी सकाळी करू म्हटलं तर होत नाही.

खोली उबदार लागते, आपल्याला जरा घाम येईल एवढी, २६-२८ डिग्री. कारण बाळाला थोडा वेळ उघडं ठेवतात आणि एवढ्या लहान बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. शेजारून रूम हीटर आणलेला, त्याचं तोंड बाळाकडे ठेवायचं नाही. आणि पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नकोच, ताई यायच्या अर्धा तास आधी लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन बल्ब चालतात, हीटर कुठला चालायला. आईने लगेच गरम पाण्याच्या दोन पिशव्या भरून अंथरुणात ठेवल्या. ताई आल्यावर पहिलं त्यांनी काय केलं असेल तर त्या पिशव्यांमुळे अंथरूण किती तापलंय ते मनगटाने तपासलं आणि बाळाला ठेवायच्या आधी दोन्ही पिशव्या काढून बाजूला दिल्या. अंथरूण गरम करायला ठीक, पण बाळाजवळ पिशवी ठेवायची नाही, भाजतं आणि कळतही नाही. लाईट पाऊण तासाने आली, तोवर दारं-खिडक्या लावून अन् माणसं खोलीत असल्यामुळे ऊब टिकली.

गोधडीची गोष्ट सांगायची राहिलीच. आजीने तिच्या जुन्या इरकली लुगड्यांची गोधडी शिवलेली लेकीसाठी, मऊसूत, धुवून धुवून. पण पावसात तिला कुबट वास यायला लागला होता आणि ऊन तर आठ दिवस नव्हतं. मग दोन दिवस पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवली. लाल कुंची आजीने नवीन शिवली, त्या एकुलत्या एका फोटोत बघून बघून, तसाच काठ, तशीच गोंड्याची दोरी. ताईंनी स्वतःची टोपल्या, लोकरीच्या टोप्या, फुलांचे हेडबँड अशी मोठी बॅग आणलेली, पण गोधडी बघितल्यावर त्या म्हणाल्या माझ्या बॅगेतलं आज निम्मं लागणारच नाही. तुमच्याकडे घरचं काही असेल, कुंची, आजोबांचं उपरणं, मनगट्या, वाळे, जुना लाकडी पाळणा, ते आधी काढून धुवून ठेवा. सगळ्यांच्या बाळांचे लोकरीच्या टोपीतले फोटो एकसारखेच दिसतात हो, पण इरकलीच्या गोधडीवरचं आमचं बाळ आमचंच दिसतं. फक्त वाळे-मनगट्या अंगावर फार वेळ ठेवू नका, दोन फोटो झाले की काढा, रुततात. गळ्यात काही घालायचंच नाही, त्याला ताईंनी सरळ नाही म्हटलं आणि मला ते पटलं.

त्या दिवसाचं टायमिंग हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला मावशी येतात, तीस वर्षं हेच काम करतात. रोज सकाळी आठला यायच्या. ताई अकराला येणार होत्या, तर मावशींना साडेनऊला बोलावलं. मालिश, गरम पाण्याची आंघोळ, मग थोडा वेळ जागी ठेवली, नवऱ्याने मांडीवर घेऊन गप्पा मारल्या तिच्याशी, आणि ताई सामान मांडत होत्या तेव्हा मी पोटभर पाजलं, ढेकर काढला, आणि ती अशी झोपली की काही विचारू नका. ताई म्हणाल्या झोपवायला कुठलं औषध नको की युक्ती नको, आपली मालिश आणि आंघोळ आहे ना तीच पुरते. दोन गोष्टी मात्र त्या दिवशी बदलल्या. एक, तेल आंघोळीत नीट निघेल एवढंच लावलं आणि टाळूवर तेल घातलं नाही, कारण तेलकट कातडी फोटोत चकाकते. मावशी जरा नाराज झाल्या, म्हटलं उद्या घाला. दुसरं, धुरी नाही. धुरी तशी आमच्या डॉक्टरांनी आधीच बंद करायला सांगितलेली, धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो म्हणून. उदबत्तीही त्या दिवशी देवघरातच, समोरच्या खोलीत नाही.

काजळावरून आजीशी बोलणं झालं. डोळ्यात काजळ घालायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं, काही काजळात शिसं असतं आणि इन्फेक्शनची भीती असतेच. पण एवढे फोटो काढणार आणि दृष्ट लागू नये म्हणून काहीच नाही, हे आजीला सहन होईना. तिचं वय ८४, तिने स्वतःची पाच आणि आम्ही नातवंडं वाढवली, तिला नुसतं नाही म्हणून गप्प बसवणं मला जमत नाही. मग तळपायाला बारीकशी तीट लावायची ठरली, डोळ्यापासून लांब, आणि बाळ हात तोंडात घालतं म्हणून हातालाही नाही. ताईंनी त्या तळपायांचाच फोटो काढला, शेजारी आजीचा सुरकुतलेला अंगठा. आमच्या घरात सगळ्यांना सगळ्यात आवडलेला फोटो तोच आहे.

अजून बारीकसारीक जे त्यांनी आधी सांगितलं आणि उपयोगी पडलं ते लिहिते. तासभर आधी डायपर सैल करायचा, लंगोट किंवा इलॅस्टिकचं काही घालायचं नाही, नाहीतर कमरेला आणि मांडीला वळ उठतात ते लवकर जात नाहीत, नुसतं दुपट्यात गुंडाळून ठेवायचं. बाळाची नखं आदल्या दिवशी ती झोपेत असताना कापून ठेवलेली. नवऱ्याला आणि मला नखं नीट करायला सांगितली कारण फोटोत आपले हात फार येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. कपडे साधे, एका रंगाचे, मोठी डिझाईन नको. मी पिस्ता रंगाचा कॉटनचा सैल कुर्ता घातला, पुढून उघडणारा, म्हणजे पाजायला मध्येच उठून बदलायला नको. आणि बाळंतिणीने स्वतः खाऊन बसायचं. मला आईने आळीवाची खीर आणि डिंकाचा लाडू देऊन मगच बसवलं, तीन-साडेतीन तास जातात आणि पाजताना घसा कोरडा पडतो, पाण्याची बाटली हाताशी ठेवा. ताईंनी माझ्यासाठी पाठीला लोड लावला, टाके आहेत म्हणून जमिनीवर बसायची एकही पोज मला दिली नाही, सगळं खुर्चीत नाहीतर पलंगावर. एवढं कुणी विचारत नाही हो बाळंतिणीला, सगळे बाळाकडेच बघतात.

ताई आल्या तेव्हा दारातच मास्क, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. परफ्यूम नाही. येण्याआधी सकाळी फोन करून सांगितलेलं की मला किंवा माझ्या असिस्टंटला सर्दी-खोकला असता तर मी तारीख बदलली असती, आणि तुमच्या घरात कुणाला असेल तर त्याला आज दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यांनी डांग्या खोकल्याची लस घेतलीय हेपण सांगितलं. जन्मल्यावर बाळाला बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब ची लस मिळते पण डांग्या खोकल्याचा पहिला डोस दीड महिन्याला असतो, तोपर्यंत बाळाच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांनीच जपायचं असतं. कॅमेऱ्याची बॅग त्यांनी आल्या आल्या उघडली नाही, बाहेरच्या गार दमट हवेतून उबेत आल्यावर लेन्सवर वाफ धरते म्हणून वीस मिनिटं तशीच ठेवली आणि तोवर अंथरूण मांडलं. फ्लॅश वापरलाच नाही. फ्लॅशने बाळाचे डोळे जातात असं आमच्याकडे सगळे म्हणत होते, डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले तसं काही होत नाही, पण बाळ दचकतं, खिडकीचा उजेड असेल तर कशाला पाहिजे.

आणि दचकण्यावरून, घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं की या वेळेत कुकर लावायचा नाही. वहिनीने बिचारीने सकाळीच वरण-भात उरकलेला. पण वरच्या भाडेकरूंच्या कुकरची शिट्टी झाली आणि लेकीने दोन्ही हात असे फाकवून झटका दिला, मग रडणं सुरू. ताईंनी लगेच दोन्ही तळवे तिच्या छातीवर आणि पोटावर ठेवले, नुसते ठेवले, थोपटलंही नाही, आणि दोन मिनिटांत ती शांत. मग मोबाईलवर पावसासारखा सूं सूं आवाज लावला, तोही हळू आणि बाळापासून लांब ठेवून. आता घरी ती दचकली की मी तसंच करते.

गुंडाळायची त्यांची पद्धतपण बघण्यासारखी होती. हात आत घेऊन वरचं अंग जरा घट्ट, पण मांड्यांजवळ सैल, पाय बेडकासारखे दुमडलेलेच राहतील असे. पाय सरळ ओढून घट्ट बांधले की खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो म्हणाल्या, आमच्या मावशी नेमकं तेच करत होत्या, आईने तिथंच मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून बदललं. दर थोड्या वेळाने त्या बाळाच्या हातापायांचा रंग बघत होत्या, एकदा पाऊल जरा निळसर वाटलं तर लगेच सगळं सोडून छातीशी धरायला माझ्याकडे दिलं, फोटो चाललेला असताना मध्येच. पोटावर झोपवलेले दोन-तीन फोटो आहेत, त्या वेळी असिस्टंटचा हात एक वीत अंतरावर होता पूर्ण वेळ, आणि ताईंनी मला निक्षून सांगितलं की हे फक्त फोटोपुरतं, आपण शेजारी असताना, एरवी झोपवताना पाठीवरच.

साडेतीन तासांत खरं शूटिंग म्हणाल तर तासभरही नसेल. बाकी वेळ पाजणं, ढेकर, झोपवणं, शी. इरकलीच्या गोधडीवर शी झाली, मी ओशाळले, तर ताईंनी खाली आधीच वॉटरप्रूफ शीट घातलेली, गोधडीची दुसरी बाजू वर केली आणि काम पुढे. चेहऱ्यावर आठी नाही. असिस्टंट मुलगी दोनदा घड्याळ बघत होती, तिला ताईंनी हळूच डोळ्यांनी दटावलं, हे मी बघितलं. एवढ्या पोज झाल्या पाहिजेत असा हट्ट कुठंच नव्हता. बारा-पंधरा पोज ठरलेल्या, आठ झाल्या. बेडकाची झाली नाही, लेकीने हात आखडले, ताईंनी लगेच सोडून दिली. मला वाईट वाटलं नाही.

शेवटी कुंचीचा फोटो. मी आधीपासून सांगून ठेवलेलं, तासगावच्या मावशीकडच्या फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटोपण पाठवलेला. आजीला खिडकीजवळ बसवलं, लेकीला लाल कुंची घातली आणि मांडीवर दिली. आजी कॅमेऱ्याकडे बघायला तयार नाही, लेकराकडंच बघत बसली, ताई काहीच बोलल्या नाहीत, बसल्या तशाच कॅमेरा घेऊन पाच-सात मिनिटं. मग आजी आपोआप मान वर करून आमच्याकडे बघून हसली आणि तेवढ्यात क्लिक. जुन्या फोटोतही ती अशीच हसलीय. बत्तीस वर्षांनी तीच मांडी.

आता जे आवडलं नाही ते. पहिलं, एडिट केलेले फोटो १५ दिवसांत देते म्हणालेल्या, मिळाले २८ दिवसांनी, आणि मध्ये दोनदा मीच फोन केला तेव्हा कळलं. काम जास्त असतं मान्य आहे, पण एक मेसेज करायला हवा होता. दुसरं मला जास्त लागलं. लेकीच्या मानेवर मागे आणि पापण्यांवर फिकट लाल डाग आहेत, पुष्कळ बाळांना असतात, पापण्यांवरचे हळूहळू जातात. पहिल्या एडिटमध्ये ते सगळे पुसून टाकलेले, अंगावरची सुटणारी कोंड्यासारखी कातडीपण गायब, गाल एकदम प्लास्टिकच्या बाहुलीसारखे. मी ते बघून रडले खरंच, म्हटलं हे माझं बाळ नाही. ताईंना सांगितलं की ओठाजवळचं दूध पुसा, हरकत नाही, पण तिच्या अंगावर जे आहे ते राहू द्या, मोठी झाल्यावर तिला दिसलं पाहिजे ती कशी होती. त्यांनी वाद घातला नाही, सगळे परत करून दिले, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. पण हे आधीच विचारायला हवं होतं त्यांनी, आणि तुम्हीपण बुकिंग करतानाच सांगून टाका की एडिटिंग किती हवंय. तिसरं बारीक, त्यांच्याकडचा एक हेडबँड घट्ट होता, कपाळावर वळ उठला, मी म्हटल्यावर लगेच काढला.

पैसे साडेनऊ हजार, त्यात दोन हजार ॲडव्हान्स. २० एडिट केलेले फोटो, दहा छोट्या प्रिंट आणि एक मोठी. मिरज-सांगली येण्याजाण्याचं वेगळं घेतलं नाही. जास्तीच्या फोटोला प्रत्येकी वेगळे पैसे आहेत आणि तो दर मला जरा जास्त वाटला, म्हणून आधीच ठरवून घ्या कुठले २० हवेत. आमच्यासारख्या घराला एका दिवसासाठी ही रक्कम कमी नाही, आईने सुरुवातीला नाक मुरडलेलं की मोबाईल काय वाईट आहे. आता तीच येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसते. ज्यांना जमणार नाही त्यांनी घरीच करावं, खरंच होतं, उत्तरेची खिडकी, पांढरी चादर, ट्यूब बंद, न्हाऊन पोटभर प्यालेलं बाळ, एवढ्यावर मोबाईलनेही सुंदर फोटो येतात. फक्त अवघड पोज करायला जाऊ नका, पाठीवर झोपलेलं बाळ, मूठ, पाऊल, टाळूवरची लव, एवढंच काढा.

पाचपैकी साडेचार देईन मी. अर्धा उशिरासाठी आणि त्या पुसलेल्या डागांसाठी मिळून. दुसरं बाळ झालं तर यांनाच बोलवेन, आणि नणंदेला डिसेंबरची तारीख आहे तिला आत्ताच नंबर दिलाय.

मोठी प्रिंट आजीच्या खोलीत लावलीय, वरच्या मजल्यावर. छोट्या प्रिंटचा एक संच तासगावला मावशीकडे पाठवला, एक पुण्याला आमच्या घरी, फाईली पेनड्राईव्हवर आणि गूगल ड्राईव्हवर दोन्हीकडे. मावशीचा परवा फोन आला, तिने कुंचीचे दोन्ही फोटो, माझा आणि लेकीचा, एकाच फ्रेममध्ये बसवून घेतलेत.